सत्तरीतली पेन्शन आणि पंचविशीतला पाळणा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

घटत्या जन्मदरावरच्या लेखांमध्ये एक वाक्य हटकून भेटते: ‘जर्मनीत चॅन्सेलर बिस्मार्कने कामगारांना पेन्शन दिली, म्हणून म्हातारपणाची काठी म्हणून मुलांची गरज उरली नाही आणि जन्मदर घसरला.’ पेन्शन आली हे खरे, जन्मदर घसरला हेही खरे. वाद आहे तो मधल्या ‘म्हणून’शी. त्याची झडती घ्यायची तर कायद्याची कलमे, आठवड्याची वर्गणी आणि जन्मनोंदीचे तक्ते एकाच टेबलावर उघडावे लागतात. तसे केल्यावर जे दिसते ते या वाक्याइतके सुटसुटीत नाही.

सुरुवात कायद्यांपासून. ‘बिस्मार्कची योजना’ एक नव्हती, तीन होत्या. १८८३ चा आजारपण विमा, १८८४ चा अपघात विमा आणि २२ जून १८८९ चा अपंगत्व व वार्धक्य विमा. तिसरा कायदा राइशस्टागमध्ये, म्हणजे जर्मन संसदेत, १८५ विरुद्ध १६५ अशा जेमतेम बहुमताने तरला आणि १ जानेवारी १८९१ पासून अमलात आला. तोवर बिस्मार्क पायउतार होऊन नऊ महिने उलटले होते. तिन्ही योजनांचे लाभार्थी वेगळे, पैसे भरणारे वेगळे, आणि कुटुंबातल्या मुलांच्या संख्येशी असलेले नातेही वेगळे. ‘पेन्शन’ या एकाच शब्दात तिन्ही कोंबले की पुढची सगळी चर्चा घसरते.

आणखी एक दुरुस्ती. वार्धक्य पेन्शनचे वय ६५ नव्हते, ७० होते. ते ६५ वर आले १९१६ मध्ये, महायुद्ध चालू असताना. ही चूक इतकी रुळली आहे की चांगल्या पाठ्यपुस्तकांतही सापडते. पाच वर्षांचा फरक किरकोळ वाटेल, पण तेव्हाच्या मृत्युमानात तो किरकोळ नव्हता. पंचविशीतल्या पुरुषांपैकी ढोबळमानाने एक-तृतीयांशच सत्तरी पाहत. घरात दुसरे मूल हवे की नको हे ठरवणारे जोडपे पंचविशी-तिशीतले असते. त्याच्यासाठी ही पेन्शन म्हणजे पंचेचाळीस वर्षांनी, तीही तिघांतल्या एकालाच मिळणारी रक्कम.

रक्कम किती? मजुरीप्रमाणे कामगारांचे चार वर्ग होते: वर्षाला ३५० मार्कपर्यंत पहिला, ५५० पर्यंत दुसरा, ८५० पर्यंत तिसरा आणि त्यापुढे चौथा. आठवड्याची वर्गणी अनुक्रमे १४, २०, २४ आणि ३० फेनिग (शंभर फेनिगचा एक मार्क), निम्मी मालकाची आणि निम्मी कामगाराची. मालक वर्गणीची तिकिटे विकत घेऊन कामगाराच्या कार्डावर चिकटवी आणि निम्मे पैसे पगारातून कापून घेई. लोकांनी या कायद्याचे नावच ‘चिकटवाचिकटवीचा कायदा’ पाडले होते. कार्डावर कामगाराच्या वागणुकीबद्दल कसलाही शेरा किंवा खूण करायला कायद्याने मनाई होती, कारण मालक त्याचा हजेरी-चारित्र्याच्या दाखल्यासारखा वापर करतील ही भीती खरी होती. वर्षाचे ४७ आठवडे भरले की एक वर्गणी-वर्ष, आणि वार्धक्य पेन्शनला अशी ३० वर्षे हवीत.

तिसऱ्या वर्गातला कामगार घ्या. वर्षाला सुमारे ७०० मार्क मिळवणारा, म्हणजे त्या काळचा सर्वसाधारण औद्योगिक मजूर. त्याच्या वाट्याची वर्गणी आठवड्याला १२ फेनिग, वर्षाला ५ मार्क ६४ फेनिग. मजुरीच्या एक टक्क्याहूनही कमी. तीस वर्षांत त्याच्या खिशातून गेले १६९ मार्क २० फेनिग. सत्तरीनंतर पेन्शन मिळणार वर्षाला १६२ मार्क ८० फेनिग, त्यात ५० मार्क सरकारी तिजोरीतून. म्हणजे सत्तरी गाठलेला माणूस वर्षभरात आपला वाटा जवळपास वसूल करी. परतावा वाईट मुळीच नव्हता. पण ही पेन्शन त्याच्या मजुरीच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा कमी, दिवसाला सुमारे ४५ फेनिग. पहिल्या वर्गातल्या शेतमजुराला किंवा मोलकरणीला वर्षाला १०६ मार्क ४० फेनिग, दिवसाला २९. एवढ्यात स्वतंत्र बिऱ्हाड चालत नसे. कायदा करणाऱ्यांनाही ही रक्कम पोटगीच्या जागी नव्हे, हातभार म्हणून अभिप्रेत होती. म्हातारा मुलाच्या किंवा मुलीच्या घरीच राही, फक्त आता चार पैसे घेऊन येई. मग पेन्शनने मुलांची जागा घेतली म्हणायचे की म्हाताऱ्याला घरात ठेवून घेणे मुलांना सोपे केले? आकडे दुसऱ्या बाजूला झुकतात.

याच कायद्यातली अपंगत्व पेन्शन मात्र वेगळी गोष्ट आहे, आणि तिच्याकडे फार कमी लक्ष जाते. तिला वयाची अट नव्हती. कमाईची ताकद साधारण एक-तृतीयांशाखाली गेली आणि पाच वर्गणी-वर्षे भरलेली असली की ती मिळे. तिसऱ्या वर्गात पाच वर्षांनंतर १३१ मार्क १५ फेनिग, तीस वर्षांनंतर २३६ मार्क ९०. म्हणजे पुरी तीस वर्षे भरलेल्याला वार्धक्यापेक्षा अपंगत्व पेन्शनच जास्त. पहिली काही वर्षे संक्रमणाच्या सवलतीमुळे वार्धक्य पेन्शनवाल्यांची गर्दी होती. कायदा लागू होताना चाळिशी ओलांडलेल्यांना वर्गणीची वर्षे कमी करून दिली होती. ती लाट ओसरल्यावर अपंगत्व पेन्शनधारक कित्येक पटींनी वाढले आणि पहिल्या महायुद्धापूर्वी या योजनेचा मुख्य धंदा तोच झाला. थोडक्यात, हा विमा ‘मी सत्तर वर्षे जगलो तर?’ यापेक्षा ‘माझे शरीर पन्नाशीत थकले तर?’ या भीतीवरचा होता. जन्मदरावरचा परिणाम शोधणाऱ्याने नेमकी ही भीती मोजायला हवी. बहुतेक जण सत्तरीचा आकडा घेऊन बसतात.

पेन्शन कायद्याच्या छत्राखाली आले एक कोट दहा लाखांच्या आसपास लोक. देशाची लोकसंख्या तेव्हा पाच कोटींच्या घरात. कारखान्यातले कामगार, शेतमजूर, घरगडी, मोलकरणी, सोळा वर्षांवरचे सगळे मजुरीवाले आत. बाहेर कोण? स्वतःची जमीन कसणारा शेतकरी, स्वतंत्र कारागीर, छोटा दुकानदार, आणि रोख मजुरी न घेता घरच्या शेतावर राबणारी मुले-सुना. म्हातारपणी मुलांवर विसंबण्याचा प्रकार ज्या घरांत सर्वांत ठळक होता, ती घरे बाहेरच. शिवाय शेतकऱ्याकडे त्याची स्वतःची जुनी सोय होती, ‘आल्टेनटाइल’. बाप मुलाच्या नावे जमीन करताना लेखी करार करी: राहायला अमुक खोली, वर्षाला इतके धान्य, रोजचे दूध, हिवाळ्याचे सरपण. करार मोडला तर कोर्टात जाता येई. गंमत अशी की या सोयीला एकच वारस पुरे. म्हातारपणाच्या आधारासाठी पोरांचा लेंढार हवा, हे गृहीतकच इथे डळमळते.

आता ती कलमे, जी उलट्या दिशेने ढकलतात. १८८४ च्या अपघात कायद्यात वर्गणी पूर्णपणे मालकांची. कामगार कामावर दगावला तर विधवेला त्याच्या मजुरीच्या २० टक्के, प्रत्येक लहान मुलामागे १५ टक्के, आणि सगळे मिळून कमाल ६० टक्के. ७०० मार्कवाल्याच्या घरी निपुत्रिक विधवेला १४० मार्क, एक मूल असेल तर २४५, दोन असतील तर ३५०. तिसऱ्या मुलाला हिशेबाने १०५ मिळायला हवेत, पण ४२० ची मर्यादा आड येते, म्हणून ७०च. चौथ्याला काहीच नाही. म्हणजे पहिल्या दोन मुलांपर्यंत हा कायदा मुलाच्या वाढत्या खर्चाचा विमा उतरवतो, मुलाची गरज कमी करत नाही. आजारपण विम्यातही असेच. विमा असलेल्या बाईला १८८३ च्या कायद्याने बाळंतपणानंतर तीन आठवडे भत्ता, १८९२ मध्ये तो चार आठवड्यांचा आणि १९०३ मध्ये सहा आठवड्यांचा झाला. मूल होण्याचा खर्च यानेही कमीच होतो.

१८८९ च्या कायद्यात स्त्रियांच्या लग्नाचे एक कलम होते, ते अभ्यासकांच्याही नजरेतून निसटते. लग्न करणारी बाई पाच वर्गणी-वर्षे पूर्ण केलेली असेल तर तिच्या नावे भरलेल्या वर्गणीतला निम्मा भाग तिला परत मिळे, आणि ती विम्यातून बाहेर पडे. पहिल्या वर्गातली मोलकरीण सोळाव्या वर्षी लागली आणि पंचविसाव्या वर्षी बोहल्यावर चढली तर नऊ वर्षांचे ४२३ आठवडे, आठवड्याला ७ फेनिग, एकूण २९ मार्क ६१ फेनिग. रक्कम लहान, पण हातात रोख, नेमकी संसार मांडताना. शिवाय तिचा स्वतःचा पेन्शनचा हक्क तिथेच संपे. लग्नानंतर तिचे म्हातारपण नवऱ्याच्या पेन्शनवर अवलंबून, आणि नवरा मेला तर? या विम्यात विधवेला पेन्शन १९११ च्या विमा संहितेपर्यंत नव्हतीच. त्यानंतरही ती मिळाली फक्त स्वतः काम करण्यास असमर्थ असलेल्या विधवेला. तेव्हा ‘पेन्शन आल्यामुळे बाईला मुलांचा आधार नको झाला’ असे म्हणणाऱ्याने आधी हे सांगावे की कोणत्या बाईला कोणती पेन्शन मिळत होती.

आता जन्माच्या आकड्यांकडे. दरहजारी जन्मदर १८७६ मध्ये ४०.९ होता, साम्राज्याच्या काळातला जवळपास शिखराचा. १८९० मध्ये ३५.७. पेन्शनचा कायदा लागू झाला त्या १८९१ मध्ये तो ३७.० वर चढला. पुढची दहा वर्षे ३६ च्या आगेमागे रेंगाळला. १९०० चा आकडा ३५.६. खरी घसरण १९०२ नंतरची. १९१० मध्ये २९.८, १९१३ मध्ये २७.५. ज्याला कायदा आणि घसरण यांची तारीख जुळवायची आहे त्याची इथे पंचाईत होते. कायद्याआधी पंधरा वर्षे दर उतरतो, कायद्यानंतर दहा वर्षे ठप्प, आणि मग एकदम कोसळतो.

अर्थात साधा जन्मदर हा खोटारडा साक्षीदार आहे हेही कबूल करायला हवे. त्यात लोकसंख्येची वयरचना, लग्नाचे प्रमाण, सगळे मिसळलेले असते. म्हणून अभ्यासक विवाहित स्त्रियांचा जनन-निर्देशांक काढतात. लोकसंख्याशास्त्रज्ञ ऍन्सली कोल यांनी बसवलेली ही रीत करायला सोपी आहे. उत्तर अमेरिकेतल्या हटराइट पंथाच्या विवाहित स्त्रिया संततिनियमन करत नसत, त्यांचा वयोगटवार जननदर मोजदंड म्हणून घ्यायचा: २० ते २४ वयाला ०.५५०, २५ ते २९ ला ०.५०२, मग पाच-पाच वर्षांनी ०.४४७, ०.४०६, ०.२२२ आणि ४५ ते ४९ ला ०.०६१. समजा एका जिल्ह्यात या सहा गटांत अनुक्रमे १०००, १५००, १५००, १३००, ११०० आणि ९०० विवाहित स्त्रिया आहेत (विशीच्या आतल्या विवाहिता थोड्या, त्या उदाहरणात सोडून देऊ). हटराइट दराने त्यांना वर्षाला सुमारे २८०० मुले व्हायला हवीत. प्रत्यक्ष औरस जन्म १९६० असतील तर निर्देशांक ०.७०. आता शेजारी कारखाना निघाला आणि बायको २० ते २४ वयाची असलेली हजार नवी जोडपी राहायला आली. वागणूक तीच, निर्देशांक ०.७०च. पण हजार विवाहितांमागे जन्म २६८ वरून २८३ वर जातात. कोणाच्याही मनात काही न बदलता जन्मदर वाढला! १८९० च्या दशकातला तो ठप्प साधा दर काही अंशी असाच बनलेला आहे.

जॉन नोडेल यांनी जर्मनीसाठी हा निर्देशांक प्रांतवार बसवला. १८७० च्या सुमारास तो ०.७६ च्या आसपास होता, १८९० ला ०.७१, १९०० ला ०.६६ आणि १९१० ला ०.५४. म्हणजे घसरण १८९१ च्या आधीच सुरू होती आणि नंतर वेग वाढला, हे दोन्ही खरे. वेग वाढला याचे श्रेय विम्याला द्यायचे की नाही, इथेच खरा अभ्यास सुरू होतो, आणि इथेच हात पोळतात.

पहिली अडचण अशी की कायदा साऱ्या देशात एकाच दिवशी लागू झाला. ‘इथे आला, तिथे नाही’ अशी तुलना करायला जागाच नाही. मग अभ्यासक विमाधारकांचे प्रमाण जिल्ह्यागणिक वेगळे होते याचा आधार घेतात: जिथे मजुरीवाले जास्त तिथे विमा जास्त. पण जिथे मजुरीवाले जास्त तिथेच कारखाने जास्त, शहर जास्त, भाडे जास्त, शाळा जास्त, आणि शेतावर राबायला मुले कमी लागणारी. विमा आणि शहर ही जोडी सोडवता आली नाही तर विम्याच्या खात्यात शहराचे पाप जमा होते. एक लाखाहून मोठ्या शहरांत राहणाऱ्यांचे प्रमाण १८७१ मध्ये ४.८ टक्के होते, १९१० मध्ये २१.३. शिवाय १८९१ सालानेच आणखी एक गोष्ट केली. त्याच वर्षी १ जूनच्या दुरुस्तीने शाळेच्या वयाच्या मुलांना कारखान्यांतून बाहेर काढले आणि बायकांचा कामाचा दिवस अकरा तासांवर आणला. मुलाची कमाई थांबली. ‘१८९१ नंतर’ असा एक खुंटा ठोकून केलेल्या गणितात पेन्शन कोणती आणि बालमजुरीबंदी कोणती, हे वेगळे कसे काढणार?

दुसरी अडचण खातेवह्यांची. व्यवसायगणना झाल्या १८८२, १८९५ आणि १९०७ मध्ये, तर लोकसंख्यागणना दर पाच वर्षांनी १ डिसेंबरला. मधल्या वर्षांतले विमाधारकांचे प्रमाण सरळ रेषेने अंदाजावे लागते, आणि नेमकी तेजी-मंदीची वर्षे त्या रेषेखाली दबतात. मोठी गावे वेगळे शहरजिल्हे झाली की उरलेल्या ग्रामीण जिल्ह्याचा जन्मदर कागदावर उडी मारतो. हद्दी आधी एकसारख्या करून घेतल्याशिवाय मालिका जोडू नये. मृतजात बाळे हा तर जुना सापळा. १८७६ चा ४०.९ हा आकडा जिवंत जन्मांचा, मृतजात धरले तर तोच ४२.६. सुरुवात एका तक्त्यातून आणि शेवट दुसऱ्या तक्त्यातून घेतला की फुकटात पावणेदोन अंकांची घसरण पदरात पडते. अशी चूक छापून आलेली दिसते तेव्हा हसावे की रडावे कळत नाही.

एवढे सगळे सांभाळून झालेल्या कामांत दोन ठळक आहेत, आणि त्यांची उत्तरे जुळत नाहीत. रोबर्ट फेंगे आणि बेआट्रिस शॉयबेल यांनी पेन्शन संस्थांच्या विभागवार हिशेबांवरून वर्गणीचा भार आणि परताव्याचा दर काढला. वर्गणी जास्त तिथे जन्मदर कमी, परतावा कमी तिथे जन्मदर जास्त, असे त्यांना आढळले. म्हणजे पेन्शनने जन्मदर घटतो या सिद्धांताच्या बाजूने कौल. टिमथी गिनेन आणि योखेन श्ट्रेब यांनी प्रशियात (जर्मन साम्राज्यातल्या सर्वांत मोठ्या राज्यात) १८८१ ते १९१० या काळासाठी नुसती पेन्शन न घेता तिन्ही विमे एकत्र घेतले, आणि एकूण परिणाम शून्याच्या जवळ निघाला. वर सांगितलेली विधवा-अनाथांची आणि बाळंतपणाची कलमे पाहिली की आम्हाला दुसरे उत्तर जास्त पटते: एक हात खाली ओढतो, दुसरा वर. पण पहिले काम चुकीचे ठरते असेही नाही. त्यांचा प्रश्न पेन्शनच्या अंतर्गत फरकांचा होता, सगळ्या योजनेचा नव्हता. ‘संशोधनाने सिद्ध झाले आहे’ असे लिहिणाऱ्याने यांपैकी कोणता प्रश्न, तेही लिहावे.

आजारपण विम्याचा आणखी एक आडवाटेचा परिणाम आहे. बाउअर्नशुस्टर, ड्रिवा आणि होर्नुंग यांनी व्यवसायवार तुलना करून दाखवले की या विम्यामुळे कामगारांतले मृत्यू घटले, मुख्यतः संसर्गजन्य रोगांचे, आणि ते आजारभत्त्यामुळे नव्हे तर डॉक्टरपर्यंत पोहोचता आल्यामुळे. प्रतिजैविके नव्हती, बहुतेक लसी नव्हत्या, तरी पाणी उकळा, रोग्याला वेगळे ठेवा, एवढे सांगणारा माणूस घरात आला. जर्मनीत १९०० च्या सुमारास हजारातली दोनशेच्या आसपास बाळे वर्षाच्या आत जात, १९१३ पर्यंत हा आकडा दीडशेवर आला. जगलेली मुले वाढली की जन्म कमी होतात, हा दुवा म्हातारपणाच्या काठीपेक्षा मजबूत आहे. तो विम्यातूनच जातो, पण पेन्शनमधून नाही.

शेवटी काही तुलना, ज्या कुठल्याही समीकरणाशिवाय दिसतात. प्रशियाच्या खाणकामगारांना क्नापशाफ्ट नावाच्या निधीतून आजारपण, अपंगत्व, विधवा आणि अनाथ असे सगळे लाभ १८५४ च्या कायद्यापासून सक्तीने मिळत होते, म्हणजे बिस्मार्कच्या तीस वर्षे आधी. पश्चिमेकडच्या रूर खोऱ्यातल्या याच खाणकामगारांची कुटुंबे देशातल्या सर्वांत लेकुरवाळ्या कुटुंबांत मोडत. सरकारी नोकरांनाही पेन्शन जुनीच, प्रशियातला त्यांचा कायदा १८७२ चा. त्यांच्या घरी मात्र मुले सर्वांत आधी कमी झाली. पेन्शन दोघांना, पाळणे उलटसुलट. खाणकामगाराची मजुरी विशीतच शिखरावर पोहोचे, लग्न लवकर होई, बायकांना बाहेर कामे नसत आणि मुलगा लवकर कमावता होई. कारकुनाचे लग्न उशिरा, आणि मुलाच्या शिक्षणावर वर्षानुवर्षे पैसे घालावे लागत. उत्तर या फरकात आहे.

शेजारचे देश पाहा. फ्रान्समध्ये जन्मदराची घसरण अठराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली, कामगार-शेतकरी पेन्शनचा कायदा १९१० चा. इंग्लंड-वेल्समध्ये जन्मदर १८७६ मध्ये ३६.३ होता, १९११ मध्ये २४.३, तिथली पेन्शन १ जानेवारी १९०९ पासून, सत्तरी ओलांडलेल्या गरिबांना आठवड्याला ५ शिलिंग, वर्गणीशिवाय. आणि स्वित्झर्लंड, ज्याचा मोठा भाग जर्मन बोलतो, त्याची संघीय वार्धक्य पेन्शन १९४८ मध्ये सुरू झाली. त्याच्या दहा वर्षे आधीच तिथला जन्मदर दरहजारी १५ वर येऊन थांबला होता. पेन्शनशिवाय घसरण होते याला याहून सरळ पुरावा मिळणार नाही. पेन्शनमुळे ती थोडी वेगाने होत नाही, असे मात्र यावरून म्हणता येत नाही.

एक गोष्ट त्या काळच्या लोकांनाच विचारता येते: कमी मुले का हवीत? १९१३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनमध्ये ‘प्रसूती-संप’ या कल्पनेवर प्रचंड सभा झाल्या. आल्फ्रेड बर्न्स्टाइन आणि युलिउस मोझेस हे दोन डॉक्टर कामगार बायकांनी कमी मुले होऊ द्यावीत या बाजूचे, तर समाजवादी नेत्या क्लारा झेटकिन आणि रोझा लक्झेंबर्ग त्याच्या कडाडून विरोधात. वाद होता भांडवलाला हात आणि सैन्याला शिपाई पुरवायचे का याचा, आणि बाईच्या अंगावरच्या ओझ्याचा.

आपल्या पुरवणीत जन्मदर आणि पेन्शन यांचा तक्ता कधी छापला जाईल तेव्हा एक विनंती. जन्मदराखाली मृतजात धरले की वगळले ते लिहावे. पेन्शनच्या रकान्यात वय ७० छापावे. आणि १८९१ साली पंचविशीत लग्न केलेल्या जोडप्याच्या ओळीसमोर पेन्शनचे वर्ष म्हणून १९१६ ची सवलत धरून १९३१ लिहावे, त्याच्या शेजारी १९२३ सुद्धा, ज्या वर्षी मार्क कोसळला आणि विमा संस्थांच्या तिजोरीतले तीस वर्षांचे जमा धन कागद झाले.

आपले,
लोकसंख्या-इतिहासाचे दोन अभ्यासक